निवडणुकीच्या दिवशी पोल वर्कर म्हणून काम करण्यासाठी शाळेतून सुट्टी: कॅलिफोर्नियातल्या मराठी पालकांसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: मुलगी अकरावीत आहे, वय सोळा. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतदान केंद्रावर पोल वर्कर म्हणून काम करायची तिची इच्छा आहे. मंगळवार शाळेचा दिवस. शाळा गैरहजेरी माफ करेल का, त्यासाठी काय करावं लागतं, आणि घरी ग्रीन कार्ड असेल, नागरिकत्व नसेल, तर चालतं का?

महाराष्ट्रात हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण तिथे मतदानाच्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, शाळेच्या वर्गांतच मतदान केंद्र असतं आणि शिक्षक निवडणुकीच्या ड्यूटीवर असतात. अमेरिकेत निवडणुकीच्या मंगळवारी देशभर सुट्टी नसते. म्हणून गैरहजेरीचं काय, हे आधी ठरवून घ्यावं लागतं.

थोडक्यात उत्तर: हो, माफ होते, आणि त्याला कायद्याचा आधार आहे. पण आधार एक नाही, दोन आहेत, आणि गैरहजेरी कोणत्या आधारावर मागितली आहे हे शाळेला आधी, लेखी आणि नेमक्या शब्दांत कळवलं नाही तर गोंधळ होतो. अटेंडन्स ऑफिसमधल्या माणसासमोर फक्त गैरहजेरीच्या कारणांच्या कोडची यादी असते. "निवडणुकीत मदत करायला गेली होती" एवढंच कळवलं तर तो बहुतेक वेळा "वैयक्तिक कारण" असा कोड टाकतो, आणि ती गैरहजेरी माफ न झालेली ठरते. कॅलिफोर्नियात एका शालेय वर्षात योग्य कारणाशिवाय तीन पूर्ण दिवस गैरहजर राहिलं की विद्यार्थी कायद्याने "ट्रुअंट" ठरतो. वर्षात आधीच दोन दिवस तसे पडले असतील तर चांगल्या कामाला गेलेल्या मुलीच्या घरी नोटीस येऊ शकते.

आता ते दोन आधार.

पहिला आधार पोल वर्करसाठीच आहे. एज्युकेशन कोडच्या, म्हणजे राज्याच्या शिक्षण कायद्याच्या, कलम 48205 मध्ये माफ गैरहजेरीची कारणं दिली आहेत: आजारपण, डॉक्टरची भेट, अंत्यविधी वगैरे. त्याच यादीत इलेक्शन्स कोडच्या (निवडणूक कायद्याच्या) कलम 12302 नुसार प्रिसिंक्ट बोर्डाचा सदस्य, म्हणजे कायद्याच्या भाषेत पोल वर्कर, म्हणून काम करणं हेही कारण आहे. यादीच्या आधी "माफ केली जाईल" असे शब्द आहेत, "माफ करता येईल" असे नाहीत. या आधारावर वर्षातून एकच दिवस अशी मर्यादा नाही. नेमणूक जितक्या दिवसांची, तितक्या दिवसांना तो लागू पडतो.

दुसरा आधार एसबी 955 या कायद्याचा. तो 1 जानेवारी 2023 पासून लागू आहे आणि याच कलमात मिडल स्कूल व हायस्कूलच्या मुलांसाठी नागरी किंवा राजकीय कार्यक्रमाला जाण्याचं कारण त्याने जोडलं. उदाहरणांमध्ये मतदान, पोल वर्करचं काम, जाहीर सभेतलं मतप्रदर्शन, उमेदवारांची भाषणं, टाउन हॉल हे सगळं येतं. अट एकच: शाळेला आधी कळवायचं. मात्र शाळेवर बंधन वर्षातून एका पूर्ण दिवसापुरतंच आहे, पुढचे दिवस प्रशासनाच्या मर्जीवर.

सल्ला असा की मुलगी खरोखर पोल वर्कर म्हणून नेमली गेली असेल तर पहिलाच आधार घ्या. दुसरा वर्षभरासाठी राखून ठेवा. शाळेकडे दोन्हींचा एकच फॉर्म असेल तर त्यावर "प्रिसिंक्ट बोर्ड सदस्य, इलेक्शन्स कोड 12302" असं स्पष्ट लिहा. वर्षातला एकुलता एक नागरी दिवस नोव्हेंबरमध्येच खर्ची पडला की मार्चमध्ये शहर परिषदेत बोलायला जायचं झाल्यास हातात काही उरत नाही.

उमेदवाराच्या प्रचारासाठी दारोदार जाणं किंवा मुख्यालयात फोन करणं हे पोल वर्करचं काम नव्हे. त्यासाठी दुसराच आधार लागतो. एकाच दिवशी दोन्ही करता येत नाही, कारण मतदान केंद्रापासून 100 फुटांच्या आत प्रचाराला बंदी आहे आणि केंद्रावरच्या माणसाने दिवसभर तटस्थ राहायचं असतं.

पात्रतेच्या अटी कलम 12302 मध्येच आहेत. निवडणुकीच्या दिवशी वय किमान सोळा पूर्ण हवं. अर्जाच्या दिवशी पंधरा असलं तरी चालतं. सरकारी किंवा खासगी हायस्कूलमध्ये शिकत असणं, शाळेत वर्तणूक चांगली असणं आणि 4.0 च्या मोजणीवर जीपीए (गुणांची सरासरी) किमान 2.5 असणं आवश्यक आहे. एका प्रिसिंक्टमध्ये (मतदान विभागात) पाचपेक्षा जास्त विद्यार्थी नेमता येत नाहीत. ते प्रौढ सदस्यांच्या थेट देखरेखीखाली काम करतात आणि त्यांना मतमोजणी करू देत नाहीत. शाळेची मान्यता लागते. कायद्यात ती शिक्षणसंस्थेच्या नियामक मंडळाची म्हटली आहे, व्यवहारात प्राचार्य किंवा त्यांनी नेमलेला काउन्सेलर सही करतो. पालकांची सही काउंटी मागतेच.

नागरिकत्वाचा मुद्दा मराठी घरांत सर्वांत महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर. विद्यार्थी अमेरिकन नागरिक असला तर प्रश्नच नाही. ग्रीन कार्ड असलं तरी चालतं, तो कायदेशीर कायम रहिवासी म्हणून पात्र आहे. एच-4 किंवा दुसऱ्या व्हिसावर असलेली मुलं पोल वर्कर होऊ शकत नाहीत, वय आणि गुण कितीही जुळले तरी. त्यांनी अर्जात चुकीचा रकाना भरून नशीब आजमावू नये. त्यांच्यासाठी एसबी 955 चा दिवस खुला आहे, कारण त्यात नागरिकत्वाची अट नाही: उमेदवारांच्या चर्चेला जाता येतं, शाळा मंडळाच्या किंवा शहराच्या सभेत तीन मिनिटं बोलता येतं.

ग्रीन कार्डवरच्या मुलांच्या बाबतीत एक धोका आहे आणि तो पालकांनी मुलांना समोर बसवून समजवायलाच हवा. कॅलिफोर्नियात सोळा-सतरा वर्षांच्या नागरिक मुलांना मतदार म्हणून आगाऊ नोंदणी करता येते. शाळेत, प्रशिक्षणात, केंद्रावर, कुणीतरी उत्साहाने तो फॉर्म पुढे करतोच. सगळी मित्रमंडळी भरताहेत म्हणून आपलंही मूल भरतं. त्या फॉर्मवर "मी अमेरिकेचा नागरिक आहे" असं शपथेवर लिहिलेलं असतं. नागरिक नसताना त्यावर सही करणं हा नागरिकत्वाचा खोटा दावा ठरतो, आणि तो पुढे नागरिकत्वाच्या अर्जात फार महागात पडू शकतो, अगदी देशातून काढण्यापर्यंत. पोल वर्करचा अर्ज आणि मतदार नोंदणीचा अर्ज हे दोन वेगळे कागद आहेत. पहिल्यावर "कायम रहिवासी" या रकान्यात खूण करायची, दुसरा नम्रपणे परत द्यायचा. गर्दीत दिलेला एक "नको" इथे फार मोलाचा आहे.

जाता जाता: ग्रीन कार्डवरचे पालकसुद्धा 2013 च्या एका कायद्यामुळे कॅलिफोर्नियात पोल वर्कर होऊ शकतात. फक्त केंद्रप्रमुख होता येत नाही आणि मोजणी करता येत नाही. आई किंवा बाबा त्याच केंद्रावर असतील तर पहाटेच्या प्रवासाचा प्रश्नही सुटतो. अर्जात एकाच केंद्राची विनंती लिहा. मिळेलच असं नाही.

आता क्रम आणि वेळ. पुढची सार्वत्रिक निवडणूक 3 नोव्हेंबर 2026 ला आहे, तिच्या हिशेबाने सांगतो.

ऑगस्टमध्ये शाळा सुरू होताच काउंटीच्या रजिस्ट्रार ऑफ व्होटर्सच्या (निवडणूक कार्यालयाच्या) संकेतस्थळावर विद्यार्थी पोल वर्करचा अर्ज शोधा. प्रौढांचा अर्ज भरू नका. तिथे सही-जीपीएचा भाग नसतो आणि अर्ज अडकून पडतो. सॅन होजे, सनीव्हेल, क्युपर्टिनो हे सँटा क्लारा काउंटीत येतात, फ्रीमॉन्ट अलामेडा काउंटीत. नेमणूक काउंटी करते, शहर नव्हे. शाळा एका काउंटीत आणि घर दुसऱ्या काउंटीत असेल तर दोन्ही ठिकाणी फोन करून विचारा.

अर्जावर शाळेची सही घ्यायला काउन्सेलरकडे सप्टेंबरच्या सुरुवातीलाच जा. ऑक्टोबरमध्ये बारावीच्या मुलांच्या कॉलेज अर्जांमुळे काउन्सेलरचं टेबल भरलेलं असतं आणि सह्या आठवडा-आठवडा पडून राहतात. नववीत गुण कमी पडलेले आणि आता सुधारलेले असतील तर कोणता जीपीए धरायचा हे काउन्सेलरलाच विचारा, स्वतः आकडा लिहू नका. आणि केंद्र विद्यार्थ्यांनी लवकर भरतात, पाचांची मर्यादा असल्यामुळे उशीर झाला की प्रतीक्षायादी.

नेमणुकीचं पत्र किंवा ईमेल आलं की खरं काम सुरू होतं, आणि बहुतेक घरं नेमकी इथेच थांबतात. काउंटीने नेमलं म्हणजे शाळेला कळलं असं होत नाही. काउन्सेलरने सही केली म्हणजे अटेंडन्स ऑफिसला कळलं असंही होत नाही. अटेंडन्स ऑफिसला पालकांनी वेगळं पत्र द्यायचं, किमान दोन आठवडे आधी. त्यात मुलीचं नाव आणि शाळेचा आयडी क्रमांक, गैरहजेरीच्या नेमक्या तारखा, वारासकट, "प्रिसिंक्ट बोर्ड सदस्य म्हणून नेमणूक, इलेक्शन्स कोड 12302, गैरहजेरी एज्युकेशन कोड 48205 नुसार माफ व्हावी" हे वाक्य, सोबत काउंटीच्या नेमणूक पत्राची प्रत. पत्राची प्रत प्रत्येक तासाच्या शिक्षकांना मुलीने स्वतः ईमेलने पाठवावी. यात पालकांनी मध्ये न पडलेलं बरं. शिक्षक मुलांच्या तोंडून ऐकलं की जास्त सहकार्य करतात.

शाळेने कधी "आमच्याकडे असा कोड नाही" म्हटलं तर भांडू नका. डिस्ट्रिक्टच्या धोरणांमध्ये गैरहजेरीविषयीचं धोरण बहुतेक ठिकाणी 5113 या क्रमांकाने असतं. ते उघडून कारणांच्या यादीतली निवडणुकीची ओळ दाखवा. बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

शाळा कधी कधी का कुरकुरते हेही समजून घ्यायला हवं. कॅलिफोर्नियात शाळांना राज्याचा निधी सरासरी दैनंदिन हजेरीवर मिळतो. या कलमाखालची गैरहजेरी विद्यार्थ्यासाठी माफ असली तरी निधीच्या हिशेबात ती गैरहजेरीच धरली जाते. म्हणजे मुलीचं नुकसान शून्य, शाळेचं मात्र थोडं होतं. टेक्ससमध्ये याच्या उलट आहे: तिथे या कामासाठीची माफ गैरहजेरी निधीसाठी हजेरी म्हणून धरतात, त्यामुळे शाळांना हात आखडता घ्यायचं कारण उरत नाही. कॅलिफोर्नियातल्या आमदारांनी ही गोष्ट बदलायला हवी असं मला ठाम वाटतं. मुलांना लोकशाही शिकवण्याचा खर्च शाळेच्या खिशातून जाऊ नये.

अभ्यासाचं काय? कायद्यानुसार चुकलेला गृहपाठ आणि परीक्षा, देता येण्याजोगी असेल तेवढी, पूर्ण करण्याची संधी मिळते, आणि वाजवी मुदतीत पूर्ण केल्यास पूर्ण गुण. पण शिक्षक तीच परीक्षा देईल असं नाही. तोडीची दुसरी देऊ शकतो. प्रयोगशाळेतला प्रयोग किंवा गटाचं सादरीकरण पुन्हा घडवता येत नसेल तर अडचण होते, म्हणून सप्टेंबरमध्येच वेळापत्रकात 3 नोव्हेंबर पाहून घ्या. जूनमधल्या प्राथमिक निवडणुका काही शाळांत सत्रान्त परीक्षांना भिडतात. अशा आठवड्यात गुणांच्या काठावर असलेल्या मुलाने काम न घेणं शहाणपणाचं.

प्रशिक्षणाबद्दल गैरसमज होतो. ते सक्तीचं असतं, काही भाग ऑनलाइन, काही प्रत्यक्ष काही तासांचा, ऑक्टोबरमध्ये. गैरहजेरीची हमी प्रिसिंक्ट बोर्डावर काम करण्यासाठी आहे. शाळेच्या वेळेतल्या प्रशिक्षणासाठी ती गृहीत धरू नका. शनिवारची किंवा संध्याकाळची तुकडी निवडा. त्या जागा आधी भरतात, म्हणून लिंक येताच नोंदवा. प्रशिक्षण चुकलं की नेमणूक रद्द होते आणि त्या दिवसाच्या गैरहजेरीचा आधारही जातो.

दिवस किती? सँटा क्लारा आणि अलामेडासारख्या काउंट्यांत आता जुनी छोटी मतदान केंद्रं नाहीत, व्होट सेंटर आहेत. काही सेंटर निवडणुकीच्या दिवसासह अकरा दिवस उघडी असतात, उरलेली चार दिवस, शनिवार ते मंगळवार. 2026 मध्ये ते चार दिवस म्हणजे 31 ऑक्टोबर ते 3 नोव्हेंबर. शनिवारी हॅलोवीन आहे, रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात, आणि पुढच्याच रविवारी, 8 तारखेला, लक्ष्मीपूजन. घरच्या फराळाची आखणी त्याप्रमाणे करा. विद्यार्थ्यासाठी सर्वांत चांगला मेळ म्हणजे शनिवार, रविवार आणि मंगळवार. एकच शाळेचा दिवस जातो. काही काउंट्या चारही दिवस मागतात, मग सोमवारची तारीखही शाळेच्या पत्रात लिहायला विसरू नका. पत्रात फक्त मंगळवार आणि मूल सोमवारीही गैरहजर, ही चूक नेहमीची आहे.

मंगळवारचा दिवस लांब असतो. मतदान सकाळी 7 ते रात्री 8. पोल वर्करने सहाच्या सुमारास पोचायचं, आणि आवरून निघेपर्यंत साडेनऊ-दहा वाजतात, कारण आठला रांगेत उभा असलेला प्रत्येक जण मतदान करूनच जातो. गाडी कुणी चालवायची हे आधी ठरवा. अठरा वर्षांखालच्या, परवाना मिळून वर्ष न झालेल्या मुलांना कॅलिफोर्नियात रात्री 11 ते पहाटे 5 गाडी चालवता येत नाही, आणि पंचवीस वर्षांवरचं परवानाधारक माणूस सोबत नसेल तर वीस वर्षांखालच्या मित्राला बसवता येत नाही. दोन मैत्रिणींनी एकमेकींना सोडायचा बेत इथेच फसतो. पंधरा तास उभं राहून झाल्यावर थकलेल्या मुलीने गाडी चालवूच नये, तुम्हीच आणायला जा. डबा दोन वेळचा द्या, सांडणारी आमटी नको; थालीपीठ, पराठा, फळं, पाण्याची बाटली. मध्ये बाहेर जाऊन खायला वेळ मिळेल असं धरू नका.

काम काय असतं? सकाळी यंत्रं आणि फलक लावणं, शपथपत्रावर सही, मतदाराचं नाव इलेक्ट्रॉनिक यादीत शोधून हजेरी नोंदवणं, मतपत्रिका छापून देणं, टपाली मतपत्रिकेचा लिफाफा घेताना त्यावर सही आहे ना ते पाहणं, दिव्यांग मतदारासाठी गाडीपर्यंत मतपत्रिका नेणं, रांग सांभाळणं. मुलं संगणकावर प्रौढांपेक्षा चपळ असतात आणि नाव शोधण्याच्या टेबलावर त्यांचा खरा उपयोग होतो. हिंदी येत असेल तर अर्जात जरूर लिहा. दुभाषी पोल वर्करची गरज असते, आणि पहिल्यांदाच मतदान करणाऱ्या आजी-आजोबांना ओळखीच्या भाषेत सूचना ऐकल्यावर किती हायसं वाटतं ते मुलांनी जवळून पाहावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मुलांच्या चुका साधारण ठरलेल्या असतात. ओळखपत्र मागणं ही पहिली. कॅलिफोर्नियात बहुतेक मतदारांना ते दाखवावं लागत नाही, आणि मागितल्याने माणूस परत जाऊ शकतो. यादीत विशेष खूण असेल तरच केंद्रप्रमुखाला बोलवायचं. यादीत नाव नाही म्हणून "तुम्ही मतदान करू शकत नाही" असं सांगणं ही दुसरी, आणि सर्वांत गंभीर. अशा मतदाराला तात्पुरती, म्हणजे प्रोव्हिजनल, मतपत्रिका मिळण्याचा हक्क असतो. केंद्रात फोटो काढून सोशल मीडियावर टाकणं, शाळेतल्या आवडत्या शिक्षकाला "कुणाला मत दिलं?" विचारणं, एखाद्या प्रस्तावाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत समजावणं, प्रचाराचा बिल्ला असलेली बॅग आणणं, हे सगळं टाळायला आदल्या रात्री दहा मिनिटं बोलून ठेवा.

आता मानधनाबद्दल. काउंटी दिवसाप्रमाणे मानधन देते, रक्कम काउंटीगणिक वेगळी असते. चेक काही आठवड्यांनी येतो, आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो. शाळेला समाजसेवेचे तास दाखवायचे असतील तर आधी विचारा, कारण पैसे घेतलेलं काम अनेक शाळा तासांत धरत नाहीत. काही काउंट्या मानधन नाकारून स्वयंसेवक म्हणून काम करू देतात, पण तो पर्याय अर्जाच्या वेळीच निवडावा लागतो.

बुधवारी सकाळी शाळेच्या पोर्टलवर मंगळवारचा कोड बघा. सहा तासांपैकी एका तासाला चुकीचा कोड पडलेला असणं सर्रास घडतं, कारण बदली शिक्षकाला पत्र माहीत नसतं. त्याच आठवड्यात अटेंडन्स ऑफिसला पत्राच्या प्रतीसह ईमेल केलं की दुरुस्त होतं. जानेवारीत सत्र संपल्यावर तेच काम फार किचकट होतं.

दुसऱ्या राज्यांत राहणाऱ्यांनी हे जसंच्या तसं उचलू नये. टेक्ससमध्ये सोळा वर्षांपासून काम करता येतं, पण नागरिकत्व लागतं आणि प्राचार्य व पालक दोघांचीही परवानगी. ओहायोत सतरा वर्षांचे, बारावीत असलेले विद्यार्थीच घेतात. व्हर्जिनियात मिडल व हायस्कूलच्या मुलांना वर्षात किमान एक दिवस नागरी कार्यक्रमासाठी देण्याचं धोरण शाळा मंडळांनी ठेवायचं असतं. कुठल्याही राज्यात सुरुवात काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला एका फोनने करा आणि दोन प्रश्न विचारा: विद्यार्थ्याला नागरिकत्व लागतं का, आणि शाळेसाठी तुम्ही नेमणुकीचं पत्र देता का.